घडाभर श्वास, चिमूटभर दावा

माणूस दिवसभरात किती वेळा श्वास घेतो, याचे आपल्या योगग्रंथांनी एक ठरीव उत्तर दिले आहे: २१,६०० वेळा. मिनिटाला पंधरा, तासाला नऊशे, आठ प्रहरांत एकवीस हजार सहाशे. आजचे डॉक्टर सांगतात की निरोगी प्रौढ माणूस स्वस्थ बसला असेल तर मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो. म्हणजे जुना हिशेब अगदीच हवेतला नव्हता. गंमत पुढेच आहे. हिमालयापलीकडच्या तिबेटी कालचक्र परंपरेतही दिवसाचे श्वास २१,६००च मोजले आहेत. इतका नेमका आकडा दोन ठिकाणी आपोआप उगवत नाही, त्यामागे जुनी देवाणघेवाण असते. वाशी, नेरूळ, खारघरकडे हल्ली ‘तिबेटी योग’, ‘ब्रीदवर्क’ आणि ‘माइंडफुलनेस’ ही तीन नावे एकाच पत्रकावर नांदतात, आणि खाली शांत झोपेपासून गेलेले तारुण्य परत येण्यापर्यंत काहीही छापलेले असते. या तिन्हींत तथ्य आहे, असे माझे मत आहे. पण ते पत्रकावरच्या दाव्यांपेक्षा बरेच लहान आहे, आणि लहान ठेवले तरच ते टिकते.

आधी नावाचा घोळ निस्तरू. ‘तिबेटी योग’ म्हणून जो प्रकार सर्वाधिक खपतो तो पाच क्रियांचा संच आहे: हात पसरून जागच्या जागी गिरक्या घेणे, उताणे पडून पाय उचलणे, गुडघ्यांवर उभे राहून मागे वाकणे, हातापायांवर पाठीचे टेबल करणे, आणि शेवटी पालथे होऊन कंबर वर-खाली नेणे. प्रत्येक क्रिया वाढवत वाढवत २१ वेळा करायची. हा संच जगापुढे आला तो पीटर केल्डर नावाच्या लेखकाच्या १९३९ सालच्या ‘द आय ऑफ रेव्हलेशन’ या इंग्रजी पुस्तिकेतून. तिच्यात एक निवृत्त ब्रिटिश कर्नल हिमालयातल्या मठात जातो आणि तरणाबांड होऊन परततो. त्या कर्नलचा किंवा त्या मठाचा स्वतंत्र पुरावा आजवर पुढे आलेला नाही. पाचवी क्रिया पाहताना तर मराठी माणसाला सूर्यनमस्कार आठवल्याशिवाय राहत नाही. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांचे सूर्यनमस्कारांवरचे इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये १९३८ साली, म्हणजे केल्डरच्या पुस्तिकेआधी वर्षभर, निघाले होते. यावरून कुणावर उचलेगिरीचा आळ घ्यायचे कारण नाही. व्यायाम म्हणून त्या पाच क्रिया वाईटही नाहीत. फक्त लामांचे गुपित म्हणून त्यांचे जादा पैसे मोजू नयेत.

अस्सल तिबेटी योग वेगळा आहे, आणि तो पत्रकांवर क्वचितच दिसतो. त्याची नावे ‘त्सालुंग’ आणि ‘ठुलखोर’. त्सा म्हणजे नाडी, लुंग म्हणजे वायू. ठुलखोर या शब्दासाठी संस्कृतात ‘यंत्र’ हा शब्द वापरतात. यात श्वास आत घेऊन नाभीखाली धरायचा, धरलेला असतानाच धडाच्या, हातापायांच्या ठरावीक हालचाली करायच्या, आणि मग तो सोडायचा. पोटात असा धरलेला श्वास म्हणजे भरलेला घडा. तिबेटीत त्याचे नाव ‘बुम्पा’ म्हणजे कलश या शब्दावरून पडले आहे, आणि आपला ‘कुंभक’ कुंभावरून. एकाच भांड्याची ही दोन नावे. अंगात ऊब निर्माण करणाऱ्या ज्या ‘तुम्मो’ साधनेचे पाश्चात्त्यांना एवढे कुतूहल, तिचे संस्कृत नाव ‘चंडाली’. ती नारोपा या भारतीय सिद्धाच्या परंपरेतून अकराव्या शतकात मर्पा या भाषांतरकाराने तिबेटात नेली आणि त्याचा शिष्य मिलारेपा याने तिथल्या थंडीत एका सुती वस्त्रावर निभावली. ‘रेपा’ म्हणजेच सुती वस्त्र पांघरणारा. बौद्धांखेरीज तिबेटातल्या बोन परंपरेचाही स्वतःचा ठुलखोर आहे. हे सगळे पिढ्यान्‌पिढ्या गुरूच्या देखरेखीखाली, बहुधा दाराआड शिकवले गेले. महाराष्ट्राला तिबेटी माणूस माहीत आहे तो हिवाळ्यात स्वेटर विकताना. तो रोज पहाटे घडाभर श्वास धरून बसत असेल, ही कल्पना आपली आहे, त्याची नव्हे.

भारतीय आणि तिबेटी योगाच्या या नात्याचा कागदोपत्री पुरावाही आहे. ‘अमृतसिद्धी’ हा अकराव्या शतकाच्या सुमाराचा संस्कृत ग्रंथ. महामुद्रा, महाबंध, महावेध या पुढे हठयोगात रुळलेल्या क्रिया पद्धतशीरपणे सांगणारा हा सर्वांत जुना उपलब्ध ग्रंथ मानला जातो. जेम्स मॅलिन्सन यांच्या संशोधनाने दाखवले की तो वज्रयानी बौद्ध वर्तुळात रचला गेला. त्याची एक जुनी पोथी संस्कृत आणि तिबेटी अशा दोन्ही भाषांत आहे. पोथी नको, दगड पाहायचा असेल, तर पनवेलहून मुंबई-गोवा महामार्ग धरावा आणि दापोली तालुक्यातले पन्हाळेकाजी गाठावे. कोटजाई नदीच्या काठाला तिथे २९ लेणी आहेत. सुरुवातीची लेणी जुन्या बौद्ध भिक्षूंची. मग दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास तिथे वज्रयान आले आणि अक्षोभ्य, महाचंडरोषण यांच्या मूर्ती बसल्या. महाचंडरोषण हे असे उग्र दैवत आहे की ते कोकणात भेटेल असे कुणाला वाटणार नाही. त्यानंतर त्याच डोंगराच्या लेण्यांत नाथपंथी आले आणि त्यांनी भिंतींवर चौऱ्याऐंशी सिद्ध कोरले. पुरातत्त्वज्ञ म. न. देशपांडे यांनी या लेण्यांचा अभ्यास १९८६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. तिबेटी परंपराही चौऱ्याऐंशीच सिद्ध मानते, आणि त्यांच्या यादीत मीनपा आहेत, गोरक्ष आहेत, चौरंगी आहेत. मराठी माणसाला मच्छिंद्र-गोरक्षांची ओळख नव्याने करून द्यायला नको. गोरक्षांकडून गहिनीनाथ, गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथ आणि त्यांच्याकडून ज्ञानदेव, ही परंपरा पाठ असते. शके १२१२मध्ये सांगितल्या गेलेल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात बंधांचे आणि जाग्या होणाऱ्या कुंडलिनीचे जे वर्णन येते, ते वाचताना ज्याला तुम्मोची माहिती आहे तो चमकेल.

इथे एक उत्तर हमखास येते: म्हणजे सगळे आपलेच होते, तिबेटने नेले आणि आता परत आपल्यालाच विकतात. हा अभिमान सोयीचा असला तरी पुराव्याला धरून नाही. ‘अमृतसिद्धी’ बौद्ध ग्रंथ असेल, तर उसनवारी शैव योग्यांनी बौद्धांकडून केली, असेच उलट म्हणावे लागते. शिवाय हजारभर वर्षे ज्यांनी एखादी विद्या सांभाळली, तिच्यात भर घातली आणि निर्वासित होऊनही जपली, त्यांना नुसते हमाल ठरवणे बरे नाही. एवढेच म्हणावे की तिबेटी योग आपल्याला परका नाही. तो दुसऱ्या गावी वाढलेला चुलतभाऊ आहे. त्यामुळे त्याला गूढ मानायचेही कारण नाही आणि नाक मुरडायचेही नाही. त्याने शरीरात काय होते, एवढाच प्रश्न उरतो.

हा प्रश्न मोजमापाच्या भाषेत पहिल्यांदा विचारणाऱ्यांत एक मराठी माणूस अग्रभागी होता. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. नौली आणि उड्डियान या पोटाच्या क्रिया करणाऱ्या माणसाचे क्ष-किरण चित्र घ्यायचे, पोटातला दाब पाऱ्याच्या नळीने मोजायचा, असा त्यांचा खाक्या. आज त्याचे काही वाटत नाही. पण शंभर वर्षांपूर्वी एका संन्यस्त वृत्तीच्या माणसाने आपल्या श्रद्धेला प्रयोगशाळेत नेऊन उभे केले, हे धाडस होते. त्यांनी प्राणायामातल्या वायूंचेही मोजमाप केले आणि निष्कर्ष भक्तांना न रुचणारा निघाला: प्राणायामाची महती शरीराला मिळणाऱ्या जादा ऑक्सिजनात नाही. कारण साधे आहे. निरोगी माणसाच्या रक्तातले हिमोग्लोबिन मुळातच ९५ ते १०० टक्के ऑक्सिजनने भरलेले असते. भरलेल्या हंड्यात आणखी पाणी ओतून काय होणार? तरीही नव्वद वर्षांनंतर शिबिरांत तेच वाक्य ऐकू येते, ‘खोल श्वास घ्या, पेशीपेशीला ऑक्सिजन मिळतोय.’ उलट भराभर खोल श्वास घेतले तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, ओठ आणि बोटे मुंग्या आल्यासारखी बधिरतात, डोके हलके होते. याला काही ठिकाणी ‘ऊर्जा जागृत झाली’ असे म्हणतात. वैद्यकात त्याला अतिश्वसन म्हणतात.

मग संथ श्वासाने बरे वाटते ते कशाने? हृदय, आतडी, घामाच्या ग्रंथी आपल्या हुकमाने चालत नाहीत. श्वसन मात्र आपोआपही चालते आणि मनात आणले तर आपल्या हातीही येते. या एका दारातून आतल्या कारभारात थोडी ढवळाढवळ करता येते. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना किंचित कमी होतात. ठोके कमी करणारा निरोप व्हेगस नावाच्या लांबलचक मज्जातंतूवरून जातो, आणि उच्छ्वास जितका लांब तितका त्या निरोपाला अवधी जास्त. दुसरी गोष्ट रक्तदाबाची. तो सुमारे दहा सेकंदांच्या लयीत आपोआप थोडा वरखाली होत असतो. श्वासाची लयही दहा सेकंदांची झाली, म्हणजे मिनिटाला सहा श्वास, की दोन्ही लाटा एकमेकींना साथ देतात आणि रक्तदाब सावरणारी शरीराची यंत्रणा अधिक तत्पर होते. इटलीतल्या लुचानो बेर्नार्दी आणि सहकाऱ्यांनी २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हे २३ निरोगी माणसांवर दाखवले. त्यांनी वापरलेली साधने मोठी बोलकी होती: एक कॅथलिक जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि दुसरा तिबेट्यांचा ‘ॐ मणि पद्मे हूं’. दोन्ही म्हणताना श्वास आपसूक मिनिटाला सहावर येत होता. देव वेगळे, भाषा वेगळ्या, लय मात्र एकच. एका दमात ओवी म्हणणाऱ्या आजीचाही उच्छ्वास लांबच असतो. तिला तो लांब करायला कुणी शिकवावे लागले नाही.

करायचे काय, तेही सांगून टाकू, कारण ते अगदी थोडके आहे. पाठ ताठ पण आखडलेली नाही, अशा बेताने बसावे. तळहात नाभीखाली ठेवावा. नाकाने चार मोजेपर्यंत श्वास घ्यावा, तळहात पुढे ढकलला गेला पाहिजे, खांदे वर उचलले जाता कामा नयेत. मग सहा मोजेपर्यंत नाकानेच सोडावा. दम लागला तर तीन आणि चार करावे, हट्ट नको. पाच ते दहा मिनिटे, बस्स. श्वास रोखणे यात नाही. ते घरी बसून, वाचून करण्याचे काम नव्हे. पनवेलहून सीएसएमटीला जाणारी लोकल सव्वा तासाहून जास्त वेळ घेते. वाशी सोडल्यावर खाडीपूल लागतो, कुणी निर्माल्याची पिशवी पाण्यात टाकत असते, खिडकीतून मचूळ वारा येतो. बसायला जागा मिळालेल्या माणसाने तेवढा पूल ओलांडेपर्यंत मोबाइल खिशात ठेवून उच्छ्वास मोजले, तरी हा पाठ झाला.

श्वासाने शरीरात बदल घडतो हे तुम्मोवरचे प्रयोगही सांगतात, जरा उठावदारपणे. हार्वर्डचे हर्बर्ट बेन्सन यांनी १९८२ साली ‘नेचर’मध्ये तीन तिबेटी भिक्षूंच्या हातापायांच्या बोटांचे तापमान साधनेत ८.३ अंश सेल्सियसपर्यंत वाढल्याचे नोंदवले. त्याच्या वृत्तपत्री कहाण्या झाल्या. २०१३ साली मारिया कोझेवनिकोव यांनी पूर्व तिबेटातल्या भिक्षुणींचे शरीराचे आतले तापमान ३८.३ अंशांपर्यंत गेल्याचे दाखवले, म्हणजे साध्या तापाइतके. त्यांच्या निबंधातली महत्त्वाची बाब मात्र वेगळीच आहे. त्यांनी साधनेचे दोन भाग केले: पोटात घडा धरणारा श्वास आणि मनातल्या ज्वालेची कल्पना. ऊब तयार होते ती श्वासाच्या आणि स्नायूंच्या कामाने. ती टिकून वाढायला चित्ताची एकाग्रता लागते. साधना न केलेल्या पाश्चात्त्य लोकांनाही नुसत्या श्वासतंत्राने थोडी ऊब आणता आली. यात चमत्कार काहीच नाही, आणि म्हणूनच मला हे संशोधन आवडते. शरीर आणि चित्त ही जोडगोळी आहे आणि एकाने दुसऱ्याला हात द्यावा लागतो, हे आपल्याकडचे जुने बोलणे इथे थर्मामीटरवर उमटलेले दिसते.

आता आजारी माणसाला तिबेटी योगाचा किती उपयोग, हे पाहू. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रात बोन परंपरेतल्या त्सालुंग-ठुलखोरवर बेतलेला तिबेटी योग रुग्णांना शिकवला गेला. लिम्फोमाच्या ३९ रुग्णांवरचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. योग करणाऱ्यांची झोप सुधारली. चिंता, उदासी, थकवा यांत फरक पडला नाही. मग केमोथेरपी घेणाऱ्या स्तनकर्करोगाच्या २२७ स्त्रियांवर मोठा अभ्यास झाला, तो २०१८ साली छापला गेला. त्यात एकूण गट पाहिला तर झोपेत आणि थकव्यात ठळक फरक नव्हता. पण ज्या स्त्रियांनी आठवड्यातून किमान दोनदा सराव चालू ठेवला, त्यांची झोप पुढेही बरी राहिली. या शेवटच्या वाक्यावर शिबिरवाले झडप घालतील. त्यांना थोडे थांबवायला हवे: ज्यांना बरे वाटत होते त्यांनीच सराव चालू ठेवला असेल, हीही शक्यता आहे. तरी निष्कर्ष टाकाऊ ठरत नाही. केमोथेरपीच्या काळात रात्रीची झोप थोडी सुधारणे ही लहान गोष्ट आहे, असे त्या अनुभवातून गेलेले एकही घर म्हणणार नाही.

माइंडफुलनेसचेही तसेच आहे. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेत आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला, झेन, विपश्यना आणि योग यांतले धार्मिक संदर्भ बाजूला ठेवून. २०१४ साली ४७ चाचण्यांचा, ३,५१५ लोकांचा एकत्र आढावा निघाला. चिंता, उदासी आणि वेदना यांत मध्यम ते माफक सुधारणा दिसली. औषधे किंवा व्यायाम यांपेक्षा ध्यान सरस असल्याचा पुरावा मिळाला नाही. २०२२ साली २७६ चिंताग्रस्त रुग्णांच्या चाचणीत हा अभ्यासक्रम एस्सिटॅलोप्राम या नेहमीच्या औषधाच्या तोडीस तोड ठरला. ही मोठीच बातमी होती. पण त्या रुग्णांनी रोज पाऊण तास घरी साधना करायची होती, हे बातमीत सहसा येत नाही. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या ८५ शाळांतल्या ८,०००हून अधिक मुलांवरच्या अभ्यासात वर्गात शिकवलेल्या माइंडफुलनेसचा काही फायदा दिसला नाही. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. सराव केला तर थोडे मिळते, नुसत्या हजेरीने काही नाही. मोबाइलवरचे ॲप घेऊन ते न उघडणाऱ्यांनाही हे लागू आहे.

माइंडफुलनेसला मराठीत सजगता, जागरूकता असे शब्द काढले गेले आहेत. मला ‘भान’ हा शब्द पुरेसा वाटतो. ‘भानावर ये’ हे आपल्या घरात रागावताना म्हणतात, आणि त्यात सगळा विषय आलेला आहे: मन भलतीकडे गेले आहे, त्याला इथे आण. पालीत ‘सती’ म्हणजे स्मृती, आठवण ठेवणे. ‘आनापानसती’ म्हणजे येत्या-जात्या श्वासाची आठवण. इथे तिबेटी कुंभक आणि हे, यांतला फरक स्पष्ट होतो. कुंभकात श्वासाला वळण लावतात. आनापानसतीत तो जसा आहे तसा पाहतात, लांब तर लांब, आखूड तर आखूड. दुसरा प्रकार महाराष्ट्रात ठळकपणे रुजवला सत्यनारायण गोयंका यांनी. जन्म १९२४चा, मंडालेतला. सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे शिकून ते १९६९ साली भारतात आले आणि १९७६मध्ये इगतपुरीला धम्मगिरी उभी राहिली. नवी मुंबईकरांना तेवढेही लांब जायला नको. बेलापूरच्या पारसिक टेकडीवर ‘धम्म विपुल’ हे त्याच परंपरेचे केंद्र आहे. दहा दिवस मौन, पहाटे चारला घंटा, आणि पहिले तीनेक दिवस नाकाच्या टोकाशी श्वास पाहण्याखेरीज काही नाही. शुल्क नाही, आधी शिबिर केलेल्यांच्या दानावर पुढचे शिबिर चालते. तिबेटी धागा हवाच असेल तर तोही आहे: कॅलिम्पाँगला तिबेटी गुरूंकडून दीक्षा घेतलेल्या संघरक्षितांचे शिष्य लोकमित्र पुण्याला आले आणि १९७९पासून त्रैलोक्य बौद्ध महासंघाने वस्त्यावस्त्यांत आनापानसती आणि मैत्री भावना शिकवली. शिकणारे बहुसंख्य आंबेडकरी बौद्ध होते, महागड्या रिसॉर्टमधले पाहुणे नव्हते.

यातूनच सर्वांत वजनदार आक्षेप पुढे येतो. डॉ. आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात माणसाने माणसावर लादलेले दुःख मध्यभागी ठेवले. डोळे मिटून बसल्याने ते कसे जाणार? हाच प्रश्न अमेरिकेत रोनाल्ड पर्सर यांनी २०१९च्या ‘मॅकमाइंडफुलनेस’मध्ये विचारला: कामाचे तास कंपनी ठरवते आणि ताण मात्र कर्मचाऱ्याने श्वास घेऊन घालवायचा? नवी मुंबईत हा प्रश्न शब्दशः नाकाशी येतो. १९७०मध्ये सिडको स्थापन झाली आणि शहर आखले गेले. एका बाजूला ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा, दुसऱ्या बाजूला तळोजा एमआयडीसी, मध्ये माणसे. रात्री उशिरा येणारा रसायनांचा उग्र दर्प ही कोपरखैरणेपासून खारघर-तळोज्यापर्यंतची जुनी तक्रार आहे. २०१७च्या ऑगस्टमध्ये तळोज्यात कासाडी नदीच्या परिसरातली भटकी कुत्री चक्क निळी झालेली दिसली होती. अशा हवेत कुणाला ‘खोल श्वास घ्या’ म्हणणे ही थट्टाच. शास्त्रही तेच सांगते: नाक धूळ अडवते, पण पीएम २.५सारखे सूक्ष्म कण अडवत नाही, आणि भस्त्रिका-कपालभातीसारख्या वेगवान प्रकारांत मिनिटाला आत जाणारी हवा बरीच वाढते. संथ श्वासात ती फारशी वाढत नाही. म्हणून दर्प असेल त्या रात्री खिडकी लावावी, वेगवान प्रकार सोडावेत आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तारीख-वेळ लिहून तक्रार द्यावी. पण आक्षेप मान्य करूनही त्याचा शेवट मला पटत नाही. तोल सुटलेला माणूस तक्रारही नीट लिहू शकत नाही, सभेत दोन वाक्ये धड बोलू शकत नाही. श्वास हा लढ्याला पर्याय नाही. लढणाऱ्याची झोप मात्र त्याने सुधारत असेल तर ती का नाकारावी? ऐरोलीच्या आंबेडकर स्मारकातून बाहेर पडून पारसिक टेकडीवर दहा दिवस बसायला जाणाऱ्याला यात विसंगती वाटायचे कारण नाही.

अपायाचे मात्र कुणी बोलत नाही. २०२०मध्ये ८३ अभ्यासांच्या आढाव्यात ध्यान करणाऱ्यांपैकी सुमारे ८ टक्के लोकांना चिंता, उदासी यांसारखा त्रास झाल्याचे आढळले. तिबेटी वैद्यक हे आधीपासून ओळखून आहे. जबरदस्तीने श्वास कोंडला, मनाला ताणले की ‘लुंग’ बिघडतो, छातीत आवळल्यासारखे होते, झोप उडते, अशी त्यांच्याकडे स्पष्ट नोंद आहे. ज्यांनी ही विद्या हजार वर्षे चालवली त्यांनीच तिच्यावर इशाऱ्याची पाटी लावून ठेवली आहे. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, अपस्मार, काचबिंदू, गरोदरपण किंवा पूर्वी झालेला तीव्र मानसिक आजार असेल, तर श्वास रोखण्याचे आणि वेगवान श्वसनाचे प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत. चालू औषध तर कुणाच्या सांगण्यावरून बंद करूच नये. आणि वर्गाला नाव घालण्याआधी शिकवणाऱ्याला दोनच गोष्टी विचारा: तुम्ही हे कुणाकडे आणि किती वर्षे शिकलात, आणि वर्गात कुणाला चक्कर आली तर काय करता? ‘श्वास सोडायला सांगतो, आडवे करतो, डॉक्टरला फोन लावतो’ असे उत्तर आले तर बसा. ‘ती विषद्रव्ये बाहेर पडत असतात’ असे आले तर चपला घाला आणि निघा.